आमच्या घरची कोळीण

मंडळी, आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. म्हणजे बोलता येतं, भांडताही येतं. पण कुणी 'अठ्ठ्याहत्तर' म्हटलं की आधी अठरा, मग अठ्ठावीस असं करत करत तिथपर्यंत जावं लागतं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकबाईंनी मेसच्या रांगेत गाठून "दोन-तीन पानं दे, विषय काहीही चालेल" असं फर्मान काढलं, तेव्हा मी नुसती आमटीकडे बघत राहिले. पण मागून माझी रूममेट ओरडली, "अगं, तुझ्या कोळ्यावर लिही ना!" आणि रांगेतल्या चार जणी एकदम मागे सरकल्या. तेव्हाच ठरलं. लिहायचं तर कोळ्यावरच.

गर्ल्स हॉस्टेलवाल्यांना सप्टेंबरमधली ती रात्र आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सबमिशन, सगळ्या जणी जर्नलं उतरवण्यात गुंग, आणि साडेअकराला दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून अशी किंकाळी आली की खालचे वॉचमनकाका शिट्टी वाजवत जिन्यापर्यंत आले. अख्खा मजला पळत सुटला. मी पळाले नाही. टॉर्च घेतला, चपला घातल्या आणि चालत गेले. नंतर एकीनं मला सुनावलंसुद्धा, "तुला काही वाटत नाही का गं? कुणी मरत असतं तर?" मी तेव्हा काही बोलले नाही. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर म्हणजे हा लेख, असं समजा.

तर बाथरूममध्ये लातूरची आमची मैत्रीण उलट्या बादलीवर उभी, आणि समोर गीझरखालच्या भिंतीवर 'तो'. पायांसकट धरला तर माझ्या तळहाताएवढा. तपकिरी, चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. दारात पंधरा मुली, त्यातल्या सात जणींच्या हातात झाडू आणि एकीच्या हातात (का ते देवाला ठाऊक) टी-स्क्वेअर. मी अंघोळीचा मग घेतला, हळूच त्याच्यावर पालथा घातला, कुणाच्या तरी जर्नलचा पुठ्ठा भिंत आणि मगाच्या मधून सरकवला आणि तो पार्सल मागच्या जिन्यावरून कंपाउंडच्या झाडात सोडून आले. एकूण वेळ दोन मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून मी 'स्पायडरवूमन'. जर्नल मात्र ज्या मुलीचं होतं तिनं नवीन पुठ्ठा लावून घेतला.

पण मंडळी, हे शौर्य जन्मजात नाही. उलट, माझ्याइतकी भित्री मुलगी आमच्या खानदानात झाली नाही. लहानपणी नर्सरी ऱ्हाइममध्ये कोळी शेजारी येऊन बसला म्हणून खाणं टाकून पळणारी ती मिस मफेट मला फार शहाणी वाटायची.

2023 सालची गोष्ट. सीईटी आटोपून मी आजीकडे गेले होते, लांज्याजवळच्या आमच्या वाडीत. जांभ्याच्या दगडाचं कौलारू घर, पुढे पडवी, मधे माजघर आणि मागच्या दारी चार पायऱ्या उतरून न्हाणीघर. पाऊस त्या वर्षी लांबला होता. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, म्हणून रात्री दहाला मी परत अंघोळीला निघाले. लाइट गेले होते, ते कोकणात जातातच. मोबाइलचा टॉर्च भिंतीवर टेकवून ठेवला, तांब्या उचलला आणि वर बघितलं. तांब्याच्या खुंटीशेजारी तो बसला होता. टॉर्चमुळे त्याची सावली भिंतभर! मी हलले, तसा तोही हलला, आणि तोही सरळ नाही, आडवा, इतक्या झपाट्यानं की एका क्षणी खुंटीपाशी आणि दुसऱ्या क्षणी दाराच्या चौकटीवर. मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

आजी तेव्हा शहात्तर वर्षांची. (हे मोजावं लागलं नाही, पाठ आहे.) ती माजघरातून अनवाणी धावत आली, अंधारात, कंदीलसुद्धा न घेता. मागच्या दाराची तिसरी पायरी ओली होती, कारण तिच्यावर दहा मिनिटांपूर्वी मीच बादली हिंदकळवली होती.

तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. काकांनी गाडी काढली, रात्रीच रत्नागिरी गाठली, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. बारा दिवस हॉस्पिटल. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, हे सगळ्यात वाईट. काकू फक्त एकदा डबा भरताना म्हणाली, "एवढं काय होतं गं न्हाणीत?" मी म्हटलं, "कोळी." काकूनं डब्याचं झाकण लावलं, बस्स.

मधे कपडे न्यायला घरी आले तेव्हा मी लांज्यातून कीटकनाशकाचा मोठा स्प्रे आणला होता. न्हाणीघर, पडवी, माजघर, माळ्याची शिडी, सगळीकडे मारला. अख्खा डबा संपवला. सकाळी तो मला न्हाणीच्या मोरीजवळ सापडला, पाठीवर पडलेला, आठही पाय पोटाशी आवळून. भिंतीवर तळहाताएवढा असलेला प्राणी आता मोठ्या सुपारीएवढा झाला होता. मला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. आजीचा खुबा मोडलेलाच होता.

ती घरी आली जूनच्या मध्याला. माजघरात खाट टाकली. रात्रीचं जागरण माझ्याकडे. पहिल्याच आठवड्यात एका रात्री समोरच्या कॅलेंडरच्या मागून एक लांब पाय बाहेर आला. मग दुसरा. मी केरसुणी उचलली. किंचाळले नाही हो, दातावर दात दाबून धरले होते. आजीनं झोपल्या झोपल्या हात वर केला.

"थांब गो. तिच्या पोटाशी बघ काय आहे."

पोटाखाली एक पांढुरकी चकती होती. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी, कागदासारखी. ती तिनं पुढच्या पायांपाशी घट्ट धरली होती आणि तिच्यामुळे तिला नीट चालताही येत नव्हतं. अंड्यांची पिशवी. शे-दोनशे अंडी असतात म्हणे एकेका पिशवीत.

"असू दे," आजी म्हणाली. "मलापण हलता येत नाही, तिलापण येत नाही. काय करायची आहे तिला आपल्याला?"

मग काय, रोज रात्री आम्ही तिघी. आजीला दुखण्यानं झोप यायची नाही आणि मला आजीच्या कण्हण्यानं. आजी तिला 'कोळीणबाई' म्हणायची. मी सांगितलं की कोळीण म्हणजे मासे विकणारी, तर म्हणाली, "मग हिला काय म्हणतात तुमच्या इंग्रजी शाळेत?" मी मोबाइलवर शोधून सांगितलं, हंट्समन. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. लिनियसनं 1767 साली हिची नोंद केली आणि त्यातलं 'वेनाटोरिया' म्हणजे शिकार करणारी. ही जाळं विणून वाट बघत बसत नाही, रात्री फिरून झुरळं पकडते. चपटी असल्यामुळे दिवसा कॅलेंडर, फोटो, दाराची फट, कुठेही मावते. मूळची आशियातली, पण जहाजांतून, केळ्यांच्या घडांमधून जगभरच्या उष्ण प्रदेशात पोचली. मुद्दाम चिडवलं, हातात दाबलं तर चावते, दुखतं, थोडी सूज येते. पण माणसाला धोका होईल असं विष तिच्यात नाही. आजीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे वाचायला मोबाइल कशाला लागतो? साठ वर्षं बघत्ये मी त्यांना."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग तू धावलीस कशाला? नुसता कोळी तर होता."

आजी बराच वेळ काही बोलली नाही.

"मला वाटलं विंचू," ती म्हणाली.

आजीचं माहेर पोलादपूरकडचं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या पाच वर्षांच्या भावाला लाकडं काढताना विंचू चावला होता. छोटा, तांबूस, बोटाच्या दोन पेरांएवढा. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती, बाबांनासुद्धा. आधी नुसता रडत होता म्हणे, मग दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, शेवटी तोंडाला फेस. मांत्रिक आला, पाला बांधला. पहाटेपर्यंत होता.

"ओरडला तेव्हा मी ओटीवर सागरगोटे खेळत होत्ये," आजी म्हणाली. "मला वाटलं, उगीच ओरडतोय."

नंतर मी वाचलं. कोकणातला लाल विंचू खरोखरच जीवघेणा असतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी अशा पेशंटांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी यावर वापरून बघितली आणि 1986 साली त्याबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. तोवर भरपूर दगावायचे, त्यातही लहान मुलं जास्त. पुढे त्या गोळीनं शेकड्यांनी जीव वाचले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे आजीला वाचून दाखवलं. तिनं उशाखालची स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी अंगठ्यानं चाचपली आणि विचारलं, "एवढीशी?"

मी "हो" म्हटलं. तिनं पट्टी परत ठेवली.

विंचू आणि कोळी एकाच कुळातले, दोघांनाही आठ पाय, हे आम्हाला शाळेत पाठ करायला लावलं होतं. मार्कही मिळाले होते. पण कुणाला घाबरायचं आणि कुणाला नाही हा प्रश्न पेपरात नव्हता. आजीला तो येत होता. चप्पल झटकून घालायची, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही, अंधारात अनवाणी जायचं नाही. हा शेवटचा नियम तिनं आयुष्यात एकदाच मोडला.

(थोडं विषयांतर. आजीचंही सगळं बरोबर नसतं बरं का. अंगावर जळजळणारे फोड उठले की गावाकडे म्हणतात, "कोळी मुतला." आपल्या हॉस्टेलवरही गेल्या पावसाळ्यात दोन-तीन जणींच्या मानेवर तसे चट्टे उठले आणि बिचाऱ्या कोळ्यांवर मोहीम निघाली. तो उद्योग कोळ्याचा नाही. पावसात ट्यूबलाइटभोवती येणारा मुंगीसारखा, लाल-काळा, बारीक किडा असतो, पीडेरस. तो अंगावर चिरडला की त्याच्यातल्या द्रवानं कातडी भाजते. तेव्हा तो चिरडू नका, फुंकर मारून उडवा, आणि चुकून चिरडलाच तर जागा साबणानं लगेच धुवा.)

जुलैच्या मध्यावर एका पहाटे आजीनं मला हलवून उठवलं. कॅलेंडरभोवती भिंतीवर मोहरी उधळल्यासारखे ठिपके, आणि प्रत्येक ठिपका चालत होता! पूर्वीची मी असते तर त्याच दिवशी एसटी पकडली असती. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा तेव्हाही आलाच. पण आजी उशीला टेकून उठून बसली होती, कुणी न धरता, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. "महिनाभर काही खाल्लं नाही गो हिनं," ती सांगत होती. "समोरून झुरळ गेलं तरी हलली नाही. निर्जळी एकादशी!" दोन दिवसांत पोरं कुठे कुठे पांगली आणि बाईसाहेबही दिसेनाशा झाल्या.

त्याच सुट्टीत मला आणखी एक नमुना भेटला. कोठीतली जुनी कौलं उचलताना खालून एक प्राणी निघाला, तो बघून मात्र माझे पाय थिजले. पानासारखा चपटा, काळपट, पुढे काटेरी हात आणि दोन्ही बाजूंना केसासारखे लांबच लांब चाबूक. हॅरी पॉटरच्या 'गॉब्लेट ऑफ फायर' या 2005 सालच्या सिनेमात ते मूडी सर वर्गात ज्याच्यावर शाप मारून दाखवतात ना, त्याचाच सख्खा भाऊ. इंग्रजीत ह्याला व्हिप स्पायडर म्हणतात, पण हा खरा कोळी नाही. ह्याला विष नाही, नांगी नाही, जाळंही नाही. आठातल्या सहा पायांवर चालतो आणि पुढचे दोन चाबकासारखे पाय आंधळ्याच्या काठीसारखे फिरवून वाट शोधतो. म्हणजे दिसायला राक्षस आणि करायला काही नाही! पोकॉक नावाच्या साहेबाचं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतलं 1900 सालचं पुस्तक स्कॅन केलेलं मिळतं, त्यात ह्याच्या भाऊबंदांचीही वर्णनं आहेत. मी कौल होतं तसं परत ठेवलं. किंचाळले नाही. आजी वॉकर घेऊन पडवीत चालत होती, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला असता तर ती पुन्हा धावली असती, ह्याची मला खात्री होती.

आता थोडं इंजिनीअरिंग, नाहीतर स्टाफ म्हणेल ही मुलगी मेकॅनिकलला काय करते. त्या मोरीजवळच्या मेलेल्या कोळ्याचे पाय आवळलेले का होते, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. उत्तर असं : कोळ्याला पाय दुमडायला स्नायू असतात, पण पायाच्या दोन मुख्य सांध्यांत सरळ करायला स्नायूच नसतात! पाय सरळ होतो तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून. म्हणजे चालतं-फिरतं हायड्रॉलिक सर्किट. मेला की दाब संपतो, स्नायूंची ओढ उरते आणि पाय आत जातात. ह्याचाच उपयोग करून अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीतल्या मेकॅनिकलवाल्यांनी 2022 साली मेलेल्या कोळ्यात सुई बसवून, हवा सोडून, त्याचा चक्क चिमटा केला. तो स्वतःच्या वजनापेक्षा जड वस्तू उचलतो. 2023 साली त्यांना आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते इग नोबेल मिळालं, तेही मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं.

गेल्या सेमिस्टरच्या व्हायवात एक्स्टर्नलनी विचारलं, "हायड्रॉलिक ॲक्च्युएटरचं एक उदाहरण." माझ्या आधीच्या चौघांनी जेसीबी सांगितला होता. मी म्हटलं, "कोळी, सर." मागे कुणीतरी फिसकलं. सरांनी चष्मा काढला, मला सगळं सांगायला लावलं आणि शेवटी विचारलं, "रिटर्न स्ट्रोक कसा?" मी म्हटलं, "सर, स्नायूंनी. सिंगल ॲक्टिंग." मार्क किती पडले ते विचारू नका, पण त्यांनी मला जेसीबीबद्दल काही विचारलं नाही.

त्या रात्री आजीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती आता काठी घेऊन अंगणात येते-जाते, पण मागच्या दाराच्या पायऱ्या उतरत नाही. तिथे काकांनी लोखंडी कठडा लावलाय तरी नाही. कोळ्याचा पाय रक्ताच्या दाबानं सरळ होतो म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "माझं प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर आलंय काल. मग माझा पाय का गो सरळ होत नाही?"

मी फोनवर गप्प. आधी मोजत होते, आणि मोजून झाल्यावरही काय बोलावं कळेना. ती मात्र हसत होती.

दिवाळीनंतर हॉस्टेलला निघताना तिनं लाडवांच्या डब्याबरोबर गोळ्यांची एक रिकामी खोकी हातात दिली. आत कापसावर एका कोळ्याची टाकलेली कात होती. आठही पाय शाबूत, अगदी नखांसकट, आतून पोकळ. कॅलेंडरमागे सापडली म्हणे. "तिच्याच कुणा लेकीची असेल," आजी म्हणाली. "जपून ने, मोडेल."

ती खोकी माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. रूममेटनं एकदा उघडून बघितली, तेव्हापासून ती त्या ड्रॉवरला हात लावत नाही. लाडू मी आता तिथेच ठेवते.